पीसीएमबी ठेवलं की दोन्ही रस्ते मोकळे राहतात ना मॅडम?

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचं कॉलेज सुरू होईपर्यंत करिअर काउन्सेलर म्हणून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, की सायन्सला मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवले (म्हणजे पीसीएमबी: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) तर इंजिनिअरिंग पण मोकळं राहतं आणि मेडिकल पण, मग पोरांना एवढ्या लवकर अडकवायचं कशाला? प्रश्न चुकीचा नाहीये. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आयुष्यभराचं आत्ताच ठरव म्हणणं मलाही पटत नाही. पण "दोन्ही ठेवू" म्हणताना घरात एक हिशोब मांडायचा राहून जातो आणि त्याची किंमत पुढची दोन वर्षं मूल भरत बसतं, म्हणून ही एक केस लिहितेय. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

आई, बाबा आणि मुलगी, तिघं आलेले. स्टेट बोर्ड, दहावीला नव्वदच्या वर टक्के. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये सायन्स भरून झालं होतं, कॉलेजही मिळाल्यात जमा होतं, विषय तेवढे कॉलेजात जाऊन लिहून द्यायचे बाकी होते. बाबांनी एका क्लासची चौकशी करून ठेवलेली, तिथे नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि जेईई (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची) दोन्हीची तयारी एकाच बॅचमध्ये करून देतो म्हणाले होते, दोन वर्षांची फी एकदम भरली तर सवलत, आणि सवलत रविवारपर्यंतच. ही रविवारपर्यंतची घाई मला फार खटकते. ज्या निर्णयावर मुलाची दोन वर्षं जाणार तो क्लासच्या सवलतीच्या तारखेवर का घ्यायचा?

बाबाच बोलत होते. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "दोन्ही चालेल." परत विचारलं, परत तेच. आई हळूच म्हणाली, "अहो मॅडम, तिला कशाचाच प्रॉब्लेम नसतो." आता ज्या मुलाला कशाचाच प्रॉब्लेम नसतो त्याच्याकडे मी जास्त लक्ष देते, कारण बऱ्याचदा त्याने विचार केलेला असतो पण आईबाबांचं मन मोडायचं नसतं म्हणून ते गप्प असतं, किंवा मग खरंच अजून काही कळलेलं नसतं, आणि दोन्हींवर उपाय वेगवेगळा आहे.

आधी बाबांना विचारलं, दादा, तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटतेय? तेव्हा खरं कारण निघालं. त्यांच्या पुतण्याने बायो सोडून पीसीएम घेतलं आणि बारावीच्या मध्यावर म्हणायला लागला मला आयुर्वेदाला जायचंय. बीएएमएसचा प्रवेश नीटमधून, नीटला बायोलॉजी पाहिजे, मग काय करणार. घरात वर्षभर त्यावरून वाद झाले, आणि ते सगळं ह्या माणसाने जवळून पाहिलेलं. त्यामुळे ही भीती खोटी नव्हती आणि मी ती हसण्यावारी नेली नाही. पण एका पुतण्याचा अनुभव म्हणजे सगळा नकाशा नव्हे, म्हणून मी कागद घेतला आणि म्हटलं, चला, बायो सोडलं तर नेमकं काय काय जातं आणि मॅथ्स सोडलं तर काय जातं ते एकदा लिहूनच काढू.

बायो सोडलं तर नीट जाते, म्हणजे एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, व्हेटरनरी हे सगळं जातं, शिवाय बीएस्सी नर्सिंगही जातं. मॅथ्स सोडलं तर जेईई जाते, इंजिनिअरिंगची सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) जाते कारण तो पीसीएम ग्रुपचाच पेपर असतो, एनडीएमध्ये एअर फोर्स आणि नेव्हीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं तेही जातं (आर्मी विंगला कुठलीही शाखा चालते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). आणि काय जात नाही? बी.फार्मसी जात नाही, फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स किंवा बायो कुठलंही एक चालतं. बीएस्सी ॲग्री जात नाही, सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी दोन्हीपैकी एक ग्रुप चालतो. बाबा म्हणाले, "फार्मसीला बायो लागत नाही?" त्यांना दोन वर्षं वाटत होतं लागतं.

अजून एक गोष्ट त्यांना सांगितली जी पुतण्याच्या वेळी नव्हती. 2023 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने परवानगी दिली की बारावी झाल्यावर बायोलॉजी ज्यादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास केला तरी नीटला बसता येतं. म्हणजे दार कायमचं बंद होत नाही. वेळ जातो, बहुतेक वेळा वर्ष जातं, ते जातंच, आणि मी हे कुणाला पहिला प्लॅन म्हणून सुचवत नाही. पण "आत्ता बायो सोडलं की संपलं" ही जी छातीवरची धोंड असते ना, ती उतरते. आणि ती उतरल्याशिवाय पालक मुलाकडे नीट बघतच नाहीत असा माझा अनुभव आहे, ते फक्त बंद होणाऱ्या दारांकडे बघत राहतात.

मग दुसरा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पीसीएमबी घेणं आणि दोन्ही एन्ट्रन्सची तयारी करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरोघरी त्या एकच समजल्या जातात. बोर्डाला चौथा विषय ठेवणं जड असतं पण होतं, कितीतरी मुलं करतात. दोन एन्ट्रन्स एकाच वेळी मनापासून करणं मात्र फार थोड्यांना झेपतं. क्लासवाले म्हणतात फिजिक्स केमिस्ट्री तर कॉमनच आहे. बाबाही तेच म्हणाले. आम्ही कागदावर मांडून बघितलं. नीट 720 मार्कांची, त्यातले 360 एकट्या बायोलॉजीचे, म्हणजे निम्मी परीक्षा. जेईई मेन 300 ची, त्यातले 100 मॅथ्सचे. म्हणजे एका परीक्षेचा निम्मा आणि दुसरीचा एक तृतीयांश भाग तर वेगळाच आहे. बरं जे कॉमन म्हणतात तेही कागदावर कॉमन. नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न, मिनिटाला एक, म्हणजे वाचलं, ओळखलं, खूण केली, पुढे. जेईई मेनला तेवढ्याच 180 मिनिटांत 75 प्रश्न, एकेका प्रश्नाला सव्वादोन-अडीच मिनिटं, कारण तिथे चार पायऱ्या चढून उत्तर येतं. एकाच फिजिक्सचा सराव दोन वेगवेगळ्या पद्धतींनी करावा लागतो. मुलगी हे सगळं ऐकत होती आणि पहिल्यांदा स्वतःहून बोलली, "म्हणजे रोज दोन वेगळे अभ्यास." हो बाळा, रोज.

त्यात कॉलेजची प्रॅक्टिकल्स, जर्नल्स, इंग्लिश, आणखी एक विषय. क्लास सकाळी चार तास. जायला यायला वेळ. मी आईला म्हटलं, ताई तुम्ही सांगा, ही किती वाजता झोपते? आईने सांगितलं, आणि मग हिशोबात झोपेचे तास धरल्यावर काय उरतं ते तिघांनीही बघितलं, मला वेगळं बोलावं लागलं नाही.

आता मुलीचं काय. दहावीचे मार्क दाखवत बाबा म्हणाले की सायन्स टूमध्ये जास्त आहेत, म्हणजे बायो चांगलं आहे. मी दहावीच्या मार्कांवरून ग्रुप ठरवत नाही, स्पष्टच सांगते. दहावीच्या सायन्सचा आणि अकरावीच्या सायन्सचा आवाका इतका वेगळा आहे की तिथे पंच्याण्णव पाडणारं मूल इथे पहिल्या युनिट टेस्टला गडबडतं आणि घरचे म्हणतात मोबाईलमुळे झालं. त्यापेक्षा मी एक साधं काम देते. अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात, ती उघडायची. फिजिक्समधला मॅथेमॅटिकल मेथड्सचा धडा, मॅथ्समधली ट्रिगनॉमेट्री, बायोमधला किंगडम प्लांटी आणि केमिस्ट्रीतला पहिला धडा. आठ-दहा दिवस, कुणाची मदत न घेता, जमेल तेवढं. परीक्षा नाही. किती आलं हे मला बघायचंच नसतं. बाबांना ताकीद दिली की तिच्या खोलीत जाऊन किती झालं विचारायचं नाही, आणि ते त्यांनी पाळलं, त्यांना अवघड गेलं असणार पण पाळलं. फीचंही सांगितलं, रविवार जाऊ दे, क्लास काही पळून जात नाहीत.

परत आली तेव्हा एकटीशी आधी बोलले. बायोचा धडा तिने पहिल्याच दिवशी वाचून काढलेला, सोपा वाटला, आकृत्याही छान काढलेल्या. मॅथेमॅटिकल मेथड्समध्ये व्हेक्टर्स डोक्यावरून गेले, उदाहरणं अर्धी चुकलेली, वही खाडाखोडीने भरलेली. आई असती तर म्हणाली असती बघा बायोच घ्या. पण मी एकच विचारलं, पहिल्यांदा बंद केल्यावर परत कुठलं पुस्तक उघडलंस? बायो परत उघडलं नव्हतं. "झालं ना ते." व्हेक्टर्सकडे मात्र ती तीनदा गेली होती, एकदा तर रात्री झोपायच्या आधी, कारण एक उदाहरण सुटत नव्हतं आणि तिला ते टोचत होतं. सुटलं का? "नाही, पण कुठे चुकतंय ते कळलं."

मला जे हवं होतं ते मिळालं. सोपं काय गेलं ह्यापेक्षा न जमणाऱ्या कशाकडे मूल आपणहून परत जातं हे मी बघते, कारण अकरावी-बारावीत न जमण्याचे दिवसच जास्त असतात आणि त्या दिवसांत आवड वगैरे शब्द कामाला येत नाहीत, परत बसायची इच्छा कामाला येते. डॉक्टरकीबद्दल विचारलं तर म्हणाली आजी म्हणते म्हणून लहानपणापासून सांगतेय सगळ्यांना. हॉस्पिटलमध्ये काम करायचं चित्र डोळ्यासमोर येतं का? बराच वेळ विचार करून म्हणाली, येत नाही. हे तिने बाबांसमोर परत सांगितलं, माझ्या मदतीने का होईना पण स्वतःच्या तोंडाने. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आणि बारावीत मन बदललं तर?" तर मगाशी लिहिलेला कागद आहे, फार्मसी आहे, ॲग्री आहे, अगदीच डॉक्टर व्हायचं म्हणाली तर बायो नंतर देता येतं. आणि इंजिनिअरिंगच्या सीईटी ॲडमिशनला बारावीत पीसीएमचे 45 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 40, त्यात चौथ्या विषयाचे मार्क धरतच नाहीत. जेईईतून एनआयटीला (केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना) जायचं तर बारावीला 75 टक्के किंवा बोर्डाच्या टॉप 20 पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं, तिथे नकोशा विषयात गेलेला वेळ बाकीच्या विषयांना भोवू शकतो. हा मुद्दा त्यांना पटला.

तिने पीसीएम घेतलं, बायोच्या जागी आयटी. क्लास फक्त सीईटी आणि जेईई मेनचा, दोन्हीचा नाही. पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये 25 पैकी 11 पडले आणि बाबांचा फोन आलाच, की मॅडम बायो ठेवायला हवं होतं का? मी विचारलं ती काय करतेय. म्हणाले पेपर घेऊन बसलीय, चुका काढतेय. मग दादा काळजी करू नका, तिला तिचं करू द्या. अकराचे पुढच्या वेळी पंधरा होतील की नाही हे मी कुणालाच लिहून देत नाही, पण ज्या मुलीने चुका काढायला स्वतः पेपर उघडलाय तिच्यासाठी मला रात्री झोप लागते.

आता ह्याचा अर्थ पीसीएमबी कुणीच घेऊ नये असा काढू नका प्लीज. त्याच मोसमात एका मुलाला मी स्वतः चारही ठेव म्हटलं. त्याला डॉक्टर व्हायचं नव्हतं, इंजिनिअर पण नाही, त्याला जीवशास्त्रात संशोधन करायचं होतं आणि मॅथ्स सोडून द्यायची इच्छा होत नव्हती. आयसरच्या (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या) ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो प्रत्येकी 15 असे 60 प्रश्न असतात, त्याला दोन्ही विषय खरोखर लागणार होते. त्याचं पीसीएमबी एका ठरलेल्या कारणासाठी होतं, भीतीपोटी नव्हतं, आणि तो नीटच्या वाटेला गेलाच नाही. दुसरी एक मुलगी बोर्डाला चारही ठेवून फक्त नीट देतेय, मॅथ्स आवडतं म्हणून ठेवलंय, तेही चालतं. विषय चार ठेवा हवं तर, पण मुख्य परीक्षा कुठली हे जून-जुलैतच घरात बोलून ठरवा, दोन्ही क्लासची फी भरून मग बघू म्हणू नका.

आणि ज्यांना अजूनही काहीच ठरवता येत नाहीये त्यांनी कॉलेजच्या ऑफिसमध्ये जाऊन आजच दोन गोष्टी विचारा, विषय बदलायचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत घेतात आणि बायो सोडलं तर त्या जागी कॉलेजात कुठले विषय उपलब्ध आहेत, कारण आयटी किंवा बायफोकलच्या (कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्ससारख्या व्यावसायिक विषयांच्या) जागा मोजक्या असतात आणि त्या आधी भरतात. तारीख कळली की कॅलेंडरवर लिहा, तोपर्यंत मुलाला चारही पुस्तकं उघडू द्या, आणि ते कुठल्या पुस्तकाकडे परत जातंय ते लांबून बघा.