वाचकांचे प्रश्न : आजीचं आयुष्य कागदावर उतरवताना

प्रश्न : आमची आजी गेली. वर्षश्राद्धाला तिच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका काढून भावकीत वाटायची आहे. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. आधार कार्डावर 1 जून आहे. सुरुवात कुठून करू?
– एक नात, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : कागदांच्या आधी माणसं गाठा. तिची बहीण, जाऊ, माहेरची शेजारीण यांच्यात जी सगळ्यांत थोरली, तिच्याकडं याच आठवड्यात जा. कागद कपाटात थांबतील. ‘आजीबद्दल सांगा’ म्हटलं की ‘लई मायाळू होती’ एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा प्रसंग धरून विचारा. कोल्हापूर संस्थान विलीन झालं (मार्च 1949) तेव्हा ती केवढी होती? कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967, पहाटे) तेव्हा मांडीवर कोण होतं? 1972 च्या दुष्काळात चुलीवर काय शिजायचं? 2005 च्या महापुरात कुणाकडं राहायला गेली? लग्न, बाळंतपणं, बदललेली घरं अशानं आपोआप क्रमाला लागतात.

1 जून खरा मानू नका. नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर सर्रास 1 जून लिहायचे, आणि वर्षही पहिलीच्या वयाला बसेल असं धरायचे. माहेरच्या गावच्या शाळेत जनरल रजिस्टरचा (मुलांची नावं दाखल करायच्या वहीचा) उतारा मागा, पण माहेरच्या नावानं. सासरचं नाव सांगितलं तर नोंद सापडणार नाही. लग्नपत्रिकेवर वर्ष शालिवाहन शकाचं असेल तर इसवी सनासाठी त्यात 78 मिळवा. माघ-फाल्गुन असेल तर 79. म्हणजे वैशाख शके 1875 हे 1953, पण माघ शके 1875 हे 1954. इथंच बहुतेकांचं वर्ष चुकतं. कुणी ‘धोंड्यात जन्मली’ म्हणालं तर नीट टिपून ठेवा. अधिक महिना साधारण तीन वर्षांतून एकदाच येतो, त्यामुळं शोध फार सोपा होतो.

दोघींच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही छापा, सांगणारीच्या नावासकट. पानं चारच्या पटीत ठेवा, कारण मधोमध पिन मारायची असते.

प्रश्न : तिच्या वहीत चटणीचं (कांदा-लसूण मसाल्याचं) प्रमाण ‘चिपटंभर धणे, मूठभर तीळ’ असं आहे. छापायचं कसं?

उत्तर : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब सरळ आहे. मात्र चिपटं हे माप आहे, वजन नाही. एकाच चिपट्यात धणे हलके भरतात, तीळ जड. म्हणून घरातलंच जुनं चिपटं घ्या, प्रत्येक जिन्नस त्यात वेगळा भरून काट्यावर तोला. माप शिगेचं भरायची की सपाट, हे तिच्यासोबत डंकावर (मसाला कांडायच्या यंत्रावर) गेलेल्या सुनेला विचारा. फरक बराच पडतो. मूठही त्याच सुनेची घ्या, तीनदा तोलून सरासरी काढा. वहीत बहुधा नसलेली एक गोष्ट आवर्जून लिहा : कांदा हातानं चुरला जाईल इतका कडक वाळलेला हवा. ओल राहिली की चटणीला पावसाळ्यात बुरशी येते. वहीचं पान तिच्याच अक्षरात फोटो काढून शेजारी छापा. तेलाचे डाग पुसू नका.

प्रश्न : तिचा लग्नातला फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. सोडवायचा का?

उत्तर : अजिबात ओढू नका. दमट हवेनं फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो; ओढला की चेहराच काचेवर राहतो. मागचा पुठ्ठा काढा आणि काचेसकट 600 डीपीआयवर स्कॅन करा. प्रेसला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून गेला तर बारीक होऊन छपाईत फुटतो. बाकी सुट्या फोटोंच्या मागं नावं मऊ पेन्सिलीनं, हात हलका ठेवून लिहा. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.