वाचकांचे प्रश्न : उतारावरची वायनरी आणि जमिनीखालचे तळघर

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी असून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी वायनरी हा विषय निवडला आहे. इमारत उताराच्या पोटात बांधली आणि तळघर खोल नेले, की वाइन हळुवारपणे हाताळली जाते आणि वीजही वाचते, असे वाचनात येते. यात तथ्य किती आणि देखावा किती?

उत्तर : तथ्य पुष्कळ आहे, मात्र उताराचे काम वेगळे आणि खोलीचे वेगळे, हे आराखडा करताना विसरू नये.

आधी उताराविषयी. द्राक्षे सर्वांत वरच्या पातळीवर उतरवून, देठ काढून, साली-बियांसकट खालच्या टाक्यांत आपल्या वजनाने पडू दिली आणि आंबल्यानंतर वाइन त्याहून खालच्या पिंपांत उतरवली, तर बराचसा प्रवास पंपाविना होतो. जोरकस पंपातून जाताना साली फाटतात, बिया चिरडतात, बियांमधला कडवट, तुरट अंश रसात उतरतो, बारीक गाळ वाढतो आणि नको तेवढी हवा मिसळते. एकदा वाढलेला गाळ निवळण्यासाठी पुढे गाळणी, थंडावा आणि वेळ असे तिन्ही खर्च करावे लागतात. इटलीत तोस्काना प्रांतातील बार्जिनो येथे आंतिनोरी घराण्याने 2012 मध्ये सुरू केलेली वायनरी अशीच टेकडीत सामावलेली असून तिच्या छतावर द्राक्षवेली लावलेल्या आहेत. तुमच्या अभ्यासासाठी तिचा उभा छेद मुद्दाम पाहावा.

तरीही पंप पूर्णपणे टळत नाही. लाल वाइन आंबताना साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो आणि तो ओला ठेवण्यासाठी टाकीच्या तळातला रस पुन्हा वर चढवावा लागतो. काही वायनऱ्या त्यासाठी लहान टाकीच यारीने वर उचलतात. माझ्या मते उताराचा खरा लाभ साली आणि बिया रसासोबत असतात त्या पहिल्या टप्प्यात मिळतो. निवळलेली वाइन सावकाश चालणारा, नळी दाबत पुढे ढकलणारा पंप चांगली सोसते. म्हणून जागा सपाट असेल, तर केवळ गुरुत्वाकर्षणाच्या हौसेखातर कृत्रिम टेकडी उभारू नये.

आता तळघर. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जमिनीत साधारण एका मीटरच्या आत विरतो, तर ऋतूंमधला फरक सुमारे 10 मीटर खोलीवर जवळजवळ नाहीसा होतो. त्या खोलीवर जमिनीचे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिर राहते. वाइनला या स्थैर्याची फार गरज असते, कारण ती तापली की प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते आणि या चढउतारात बुचातून थोडी थोडी हवा आत ओढली जाते. शिवाय उष्णतेमुळे तिच्यातील रासायनिक बदल भराभर होतात.

फ्रान्सच्या शँपेन प्रदेशातील रँस शहराखाली खडूच्या जुन्या खाणी आता वाइनची तळघरे म्हणून वापरल्या जातात आणि त्यांत वर्षभर 10 ते 12 अंश सेल्सिअस तापमान असते. शँपेन प्रदेशातील उतार, वाइनघरे आणि तळघरे यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 2015 मध्ये समावेश झाला. मोल्दोवातील मिलेश्टी मीच येथे चुनखडीच्या खाणीतील बोगद्यांची लांबी सुमारे 200 किलोमीटर असून त्यांपैकी जवळपास 55 किलोमीटर वाइनसाठी वापरले जातात. या दोन्ही जागा वाइनसाठी खोदलेल्या नव्हत्या. दगड इमारतींसाठी निघाला, पोकळी मागे उरली आणि थंडावा आयताच मिळाला. आज नवे तळघर खोदायचे, तर मातीचा दाब पेलणाऱ्या जाड काँक्रीटच्या भिंती बांधाव्या लागतात आणि त्यांतल्या सिमेंटचे उत्सर्जन इमारतीच्या खात्यात पहिल्याच दिवशी जमा होते. पर्यावरणपूरकतेचा दावा करताना हा आकडा गाळण्याची प्रवृत्ती मला अप्रामाणिक वाटते. तुमच्या प्रकल्पात तो अवश्य मांडा आणि वाचणाऱ्या विजेतून तो किती वर्षांत फिटेल, तेही दाखवा.

उष्ण प्रदेशात आणखी एक अडचण येते. वार्षिक सरासरी 25 अंश असेल, तर तळघरही साधारण तेवढेच उबदार राहील आणि मुरवणीसाठी ते फार झाले. तेथे शीतकरण लागणारच. फक्त यंत्रावरचा भार कमी आणि एकसारखा राहील. वायनरीच्या वीजवापरात शीतकरणाचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असल्याने एवढी बचतही मोलाची आहे. भूजल उथळ असेल, तर खोल जाण्याचा विचारच सोडावा आणि जाड भिंती, सावली व रात्रीची थंड हवा यांवर भर द्यावा. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातील डॉमिनस वायनरीसाठी हेरझॉग आणि द म्यूराँ या वास्तुकारांनी तारेच्या जाळ्यांत बेसॉल्टचे दगड भरून भिंती रचल्या, त्या दिवसाची उष्णता आत शिरू देत नाहीत.

आर्द्रतेचाही विचार करावा. हवा कोरडी असेल, तर लाकडी पिंपांतून बाष्पीभवन वाढते आणि ती वारंवार भरावी लागतात. अति ओलसर असेल, तर बुरशी धरते.

प्रश्न : तळघरात मेणबत्ती जळत राहिली तर आत जाणे सुरक्षित, असे जुने लोक सांगतात. ते खरे मानावे का?

उत्तर : मुळीच मानू नये. लिटरमागे 200 ग्रॅम साखर असलेला एक लिटर रस पूर्ण आंबला, की सुमारे 50 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने सर्वांत खालच्या जागी साठतो आणि मेणबत्ती विझण्याआधीच त्याचे प्रमाण माणसासाठी धोकादायक झालेले असू शकते. म्हणून आंबवणीचे दालन सर्वांत खालच्या पातळीवर ठेवू नये, हवा ओढून बाहेर टाकणारी तोंडे जमिनीलगत असावीत आणि वायूचे प्रमाण मोजून भोंगा वाजवणारी यंत्रणा दाराबाहेरूनही दिसावी. आत कुणी कोसळले, तर त्याला काढण्यासाठी श्वसनसाधनाशिवाय उतरू नये. अशा धावपळीत वाचवायला गेलेला माणूसही त्याच वायूत सापडतो.