प्रसार भारती: स्वायत्त की सरकारी? आणि ‘हस्तक्षेप’ नेमका कशाला म्हणायचं?

प्रश्न: आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीवरच्या एकाच लेखात ‘स्वायत्त महामंडळ’ आणि ‘सरकारी वाहिनी’ असे दोन्ही शब्द वाचले. यातला बरोबर कोणता? आणि तिचा कारभार बघणाऱ्या मंडळावरच्या नेमणुकांना ‘राजकीय हस्तक्षेप’ म्हणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण जास्त चुका तिथेच होतात.

‘हस्तक्षेप’ म्हणजे जिथे आपला अधिकार नाही तिथे हात घालणं. ‘ढवळाढवळ’ त्याच अर्थाचा, फक्त जास्त रोखठोक. प्रसार भारतीवरच्या नेमणुका मात्र कायद्याने आखलेल्या वाटेनेच होतात. १९९०च्या प्रसार भारती अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे अध्यक्ष आणि इतर निवडायचे सदस्य राष्ट्रपती नेमतात, तेही तीन जणांच्या समितीच्या शिफारशीवरून. या समितीत राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेली एक व्यक्ती असते. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तेव्हा ही तिसरी जागा आणि शेवटची सही या दोन्ही ठिकाणी सरकारचा शब्द पोचतो. शिवाय माहिती व प्रसारण मंत्रालयाचा एक प्रतिनिधी मंडळावर कायद्यानेच बसतो.

याला ‘हस्तक्षेप’ म्हटलं की कुणीतरी नियम मोडला असा वाचकाचा समज होतो. खरी अडचण नियमातच आहे आणि चुकीच्या शब्दाने ती झाकली जाते. इथे ‘प्रभाव’ लिहावं. निर्णय दुसऱ्याच्या नावावर, पण कल आपल्या बाजूला, हा प्रभाव. निर्णयच आपल्या हातात असेल तर ते ‘नियंत्रण’. सत्ताधाऱ्यांच्या जवळच्या माणसाची नेमणूक झाली तर मराठीत ‘वर्णी लागली’ हा नेमका प्रयोग आहे. त्यात बेकायदा काही घडल्याचा आरोप नसतो, पण मर्जीचा निर्देश स्पष्ट असतो. म्हणूनच जवळीक दाखवता येत असेल तरच तो वापरावा.

मग हस्तक्षेप कुठला? त्यासाठी कलम २३ बघावं लागतं. देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता, राज्याची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांच्यासाठी केंद्र सरकार एखादा विषय प्रसारित करू नये, किंवा सार्वजनिक महत्त्वाचा एखादा विषय प्रसारित करावा, असा निर्देश देऊ शकतं. मात्र अशा प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते आणि हे प्रसारण निर्देशानुसार होत आहे, असं महामंडळाला हवं असल्यास त्याच वेळी जाहीरही करता येतं. ही वाट घेतली तर शब्द ‘निर्देश’. ती टाळून वृत्तकक्षात तोंडी सांगितलं की अमुक बातमी खाली घ्या, तर तो हस्तक्षेप, कारण त्याची प्रत कुठेच ठेवली जात नाही. बातमी लिहिणाऱ्याने हा फरक सांभाळलाच पाहिजे.

पैशाचं आणि माणसांचं थोडक्यात. कलम १७ प्रमाणे संसदेने मंजूर केलेली रक्कम केंद्र सरकारकडून येते आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा भार मुख्यतः त्या अनुदानावर आहे. ५ ऑक्टोबर २००७ला सेवेत असलेले आकाशवाणी-दूरदर्शनचे कर्मचारी नंतरच्या दुरुस्तीनुसार सरकारी कर्मचारीच राहिले, महामंडळात ते प्रतिनियुक्तीवर मानले जातात. इथे ‘आर्थिक नाड्या सरकारच्या हातात’ म्हणणं योग्य.

आता ‘स्वायत्त’. आयत्त म्हणजे अधीन, स्वायत्त म्हणजे स्वतःच्या अधीन. संस्कृतात राजायत्त, सचिवायत्त, उभयायत्त असेही शब्द आहेत. म्हणजे या शब्दातच ‘कारभार कुणाच्या अधीन?’ हा प्रश्न आहे. ‘स्वतंत्र’चा आवाका मोठा, म्हणून तो इथे वापरू नये. स्वायत्तता विषयागणिक असते. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी विद्यापीठाची असते. तसं प्रसार भारतीबद्दल लिहिताना ‘कशात’ हे जोडावं: कार्यक्रमांच्या बाबतीत कायद्याने स्वायत्त, पैशाच्या बाबतीत सरकारवर अवलंबून. नुसतं ‘स्वायत्त संस्था’ लिहिणं अर्धवट आहे.

‘सरकारी’साठी तारीख बघा. कायदा १९९०चा असला तरी महामंडळ स्थापन झालं २३ नोव्हेंबर १९९७ला. त्याआधी आकाशवाणी आणि दूरदर्शन मंत्रालयाखालीच चालत होत्या, म्हणून आणीबाणीबद्दल लिहिताना ‘सरकारी रेडिओ’ अगदी बरोबर. आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या वर्गीस समितीने १९७८मध्ये ‘आकाश भारती’ नावाचा राष्ट्रीय न्यास सुचवला होता, तो झाला नाही. १९९७नंतर ‘सरकारी वाहिनी’ हे वर्णन राहत नाही, ती टीका होते. टीका करायची असेल तर कारण देऊन करावी.

‘सार्वजनिक प्रसारक’ मला सर्वांत योग्य वाटतो, पण त्यात एक खाच आहे. ‘सार्वजनिक वाचनालय’ म्हटलं की लोकांचं, ‘सार्वजनिक क्षेत्रातील बँक’ म्हटलं की सरकारी मालकीची. प्रसारणात पहिला अर्थ अभिप्रेत आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात म्हटलं, तेही याच अर्थाने. घोळ टाळायचा असेल तर ‘लोकसेवा प्रसारक’ लिहा.

जाता जाता: ‘स्वायत्ता’ आणि ‘स्वायतत्ता’ ही दोन्ही रूपं चुकीची आहेत. स्वायत्त अधिक ता, म्हणून ‘स्वायत्तता’.