हिवाळ्यात बागेत येणाऱ्या पक्ष्यांना खायला काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की तळेगावला नवीन घर घेतलंय, नोव्हेंबरपासून बागेत एक तपकिरी, चिमणीएवढा पक्षी सारखी शेपूट थरथरवत बसतो, आणि त्याच्यासाठी ठेवलेल्या बाजरीला तो तोंडही लावत नाही. तो लावणारही नाही. वर्णनावरून ती थिरथिऱ्याची मादी वाटते. नर असता तर वरून काळा आणि पोटाला विटकरी दिसला असता. हिमालयाच्या उंच भागातून आणि त्याही पलीकडून हे पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. त्यांचं मुख्य खाणं किडे.

मीही पुण्यात हीच चूक केली होती. परदेशी व्हिडिओ बघून दाण्याचं भांडं टांगलं. आठवड्याभरात पंधरा-वीस पारवे, खाली सांडलेल्या दाण्यांवर घुशी, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू रोज दारात. तिकडे बर्फ पडतं, जमीन गोठते, म्हणून ते लोक दाणे नि चरबीचे गोळे टांगतात. आपल्याकडे डिसेंबरात गारठा असला तरी अळ्या, मुंग्या, कोळी भरपूर असतात. त्यांच्यासाठीच तर हे पक्षी एवढ्या लांबून येतात.

तेव्हा खायला काही ठेवू नका. औषध मारणं थांबवा, बस. माझ्या कढीपत्त्यावर दर हिवाळ्यात हिरवट वटवट्या येतो. ७-८ ग्रॅमचा जीव, पानांत पान होऊन जातो, दिसतच नाही. ‘चिस्वी’ असं ठसक्यात ओरडतो म्हणून कळतं. पानाच्या खालच्या बाजूचे किडे टिपत फांदीच्या टोकापर्यंत जातो, मग पुढची फांदी. एका वर्षी माळीबुवांनी मी घरी नसताना झाडावर फवारा मारला. पुढचे कित्येक दिवस आवाज नाही.

थिरथिऱ्याला मात्र उघडी जागा लागते. आमच्याकडे जुना धुण्याचा दगड आहे, तो त्याचा. तिथे बसायचं, दोनदा मान लववायची, शेपूट थरथरवायची, टपकन खाली उतरून मुंगी उचलायची आणि परत दगडावर. दरवर्षी येणारा तोच असतो का, हे पायात कडं असल्याशिवाय सांगता येणार नाही, पण घरात सगळे ‘आला आपला’ असंच म्हणतात. तुमच्या बागेत लॉन गुडघाभर वाढू देऊ नका, एखादा कोपरा मोकळ्या मातीचा ठेवा.

पाणी जरूर ठेवा. खोल नको, दोन बोटं पाणी राहील अशी मातीची पसरट थाळी, मध्ये एक दगड. रोज घासून भरा. झुडपाला अगदी खेटून ठेवू नका, मांजर दबा धरून बसतं. टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी कुठे साचत असेल तर तिथे करडा धोबीही येईल. पिवळं पोट आणि सारखी वरखाली होणारी लांब शेपूट, चुकणार नाही. शिंजीर मात्र पाहुणे नव्हेत, ते बारा महिने इथलेच. जास्वंद असेल तर येतीलच.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. पाचोळ्यात किडे होतात, म्हणून तो झाडांच्या बुंध्याशी पातळ पसरू द्या, पण घराला लागून त्याचा किंवा विटांचा ढीग करू नका. थंडी हा घोणसांच्या मीलनाचा काळ, शिवाय त्या सकाळी उन्हाला येऊन पडतात आणि वाळक्या पानांत अजिबात ओळखू येत नाहीत. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर जागच्या जागी थांबा, आवाज कुठून येतोय ते बघा आणि मग हळूच मागे सरका. काठी घ्यायला धावू नका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, नंबर फोनमध्ये आजच साठवून ठेवा.