एममॅप लिहिताना आधी हद्द तपास
तुझ्या लिनक्स ड्रायव्हरमधला एममॅप (डिव्हाइसची मेमरी युजरच्या प्रोग्रामला जोडून देणारा भाग) पाहिला. युजरने मागितलेला आकार तू रीमॅप_पीएफएन_रेंज या कर्नल फंक्शनला जसाच्या तसा देतोस. त्या फंक्शनला तुझ्या डिव्हाइसची हद्द ठाऊक नसते. मागशील तेवढी पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) ते जोडून देतं आणि शेजारची भौतिक मेमरीही युजरपुढे उघडी पडते.

व्हीएम_पीजीऑफ, म्हणजे युजरने मागितलेला ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर), बाइटमध्ये नाही, पानांत असतो. ऑफसेट आणि आकार यांची बेरीज करून तुलना करू नकोस, बेरीज ओव्हरफ्लो झाली (मावेनाशी होऊन आकडा पुन्हा लहान झाला) की तपासणी फसते. आधी ऑफसेट तपास, मग उरलेल्या पानांशी आकार ताडून बघ. मी तर शक्य तिथे व्हीएम_आयओमॅप_मेमरी हे तयार फंक्शनच वापरतो, ही तपासणी त्यात आहेच.

मेमरी फक्त वाचायला द्यायची असेल तर लेखनाची मागणी नाकार आणि व्हीएम_मेराइट (पुढे लेखनाची परवानगी घेऊ देणारा फ्लॅग) हाही काढ. नाहीतर एमप्रोटेक्ट या सिस्टिम कॉलने युजरला ती परवानगी नंतर मिळवता येते. कर्नल ६.३ पासून तो फ्लॅग काढायला व्हीएम_फ्लॅग्ज_क्लिअर हे फंक्शन आहे.