चप्पल निसटते, ते आधी डॉक्टरांना सांगा

*(सांगलीच्या एक वाचक, वय ५८. सहा वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन आणि केमो झाली, आता तपासण्या चांगल्या आहेत. त्या विचारतात : "जाऊबाई म्हणतात, तुमच्या चिडक्या स्वभावानेच आजार उलटेल. मन शांत कसं ठेवू? सकाळी कुठला रस घेऊ?")*

ताई,

पत्रभर रस आणि जाऊबाई. शेवटी मात्र एकच ओळ : "पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, म्हणून फिरणं सोडलं." मला बोलायचंय ते या ओळीवर.

चिडक्या स्वभावाने कॅन्सर उलटतो, याला पुरावा नाही. जाऊबाईंना तसं तोंडावर सांगा. रसाच्या मागेही लागू नका, रोजचं डाळ-भाजीचं जेवण चांगलं आहे.

आता पाय. केमोतलं पॅक्लिटॅक्सेल हे औषध नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, इजा करतं. सगळ्यांत लांब नसा आधी त्याच्या तडाख्यात सापडतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि कित्येकींना वर्षानुवर्षं राहतो. दर तपासणीला तुम्ही सीए-१२५चा (कॅन्सरवर लक्ष ठेवणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा विचारून परत आलात, पायांबद्दल चकार शब्द नाही. का हो? जीव वाचला, आता तक्रार कशी करायची, असंच ना? करायची! हक्काने करायची.

आणि फिरणं सोडलंत, तेच नको होतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी याच कॅन्सरमधून उठलेल्या बायकांना सहा महिने चालायला लावलं, आठवड्याला १५० मिनिटांचं लक्ष्य ठेवून. त्यांचा नसांचा त्रास कमी झाला. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालंय.

पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा. "पाय बधिर आहेत, चप्पल निसटलेली कळत नाही," अगदी याच शब्दांत सांगा. बी-१२ आणि साखर तपासून घ्या. त्यांत बिघाड असेल तर बधिरपणा वाढतो, आणि त्यावर इलाज आहे. आग होत असेल, दुखत असेल तर तेही सांगा, त्यावर ड्युलॉक्सेटिन नावाचं औषध देतात. तोल सांभाळण्याच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मागा.

त्यांनी पाय पाहिले की चालायला लागा. मागे पट्टा असलेली, घट्ट बसणारी सँडल घ्या. सपाट जागा, दिवसाउजेडी, भिंतीच्या कडेने, १० मिनिटं. जमेल तसं वाढवा. घरातही अनवाणी नको. रात्री तळवे आरशात बघा, कारण काच रुतली तरी तुम्हाला कळणार नाही. आंघोळीचं पाणी आधी कोपर बुडवून बघा, मगच पायावर घ्या.