आमच्या वऱ्हाडातल्या टेकड्या वरून सपाट का असतात?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचाच हा आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. मऊ थर पावसानं आधी झिजतात अन् टणक थर वर टिकतो, म्हणून माथा सपाट अन् उतारावर पायऱ्या, चिखलदऱ्याकडं जाताना नीट पाहा.

पण खरी मजा विहिरीत आहे. कुठं नवीन विहीर खोदून राहिले असतील तर नक्की जाऊन बघा, वर काळी माती, खाली मुरूम, अन् मुरमात गोल गोल धोंडे, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे! भेगांतून पाणी शिरतं, दगडाचे कोपरे एकाच वेळी दोन-तीन बाजूंनी कुजतात म्हणून तो गोल होत जातो. त्यातल्या खनिजांची चिकणमाती बनते, तीच वाहून येऊन पूर्णेच्या खोऱ्यात साचली, कपाशीची काळी जमीन म्हणतो ती हीच, पावसात फुगते अन् उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.